चित्रांना शब्द देताना: पर्यायी मजकूर लिहिण्याची पायरी-पायरीने माहिती

एका संस्थेचे संकेतस्थळ मी काही वर्षे सांभाळत होतो. एकदा एका कार्यशाळेची जागा आयत्या वेळी बदलली. मी घाईघाईने ठळक अक्षरांत एक सूचनाफलक तयार केला, त्याचे चित्र मुखपृष्ठावर चढवले आणि वर्णनाच्या चौकटीत ‘सूचना’ हा एकच शब्द टाकून मोकळा झालो. नावनोंदणी केलेल्यांपैकी एक गृहस्थ दृष्टिहीन होते. घरून निघण्यापूर्वी त्यांनी संकेतस्थळ उघडले होते. त्यांच्या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीने, ‘ग्राफिक, सूचना’ एवढेच उच्चारले आणि तो पुढच्या ओळीकडे वळला. ते जुन्या जागी जाऊन बंद दारापुढे उभे राहिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘सूचना आहे एवढे कळले हो, पण काय सूचना आहे ते तेवढे कळले नाही,’ असे ते म्हणाले. त्यानंतर मी हे काम नीट शिकलो, आणि शिकताना जिथे जिथे अडखळलो त्या जागा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आधीच दाखवून ठेवाव्यात म्हणून हा लेख लिहीत आहे.

पर्यायी मजकूर, म्हणजेच ऑल्ट टेक्स्ट, हा चित्राच्या पाठीशी लिहिलेला आणि एरवी डोळ्यांना न दिसणारा मजकूर असतो. (कळफलकावरच्या ऑल्ट कळीशी त्याचा गोंधळ करू नका.) स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचतो, ब्रेल डिस्प्ले तो बोटांखाली उमटवतो, आणि संथ जोडणीमुळे चित्र उतरलेच नाही तर ब्राउझर त्याच्या जागी हाच मजकूर दाखवतो. ही कल्पना नवी नाही. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या संकेतभाषेच्या, १९९७ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीतच चित्राच्या टॅगला ‘ऑल्ट’ हा गुणधर्म सक्तीचा केला होता. १९९९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने सुगम्यतेची, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीची, जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत चित्रांना मजकुराचा पर्याय देणे ही अगदी पहिली अपेक्षा होती, आणि त्याच तत्त्वांच्या २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ या आवृत्तीतही १.१.१ या क्रमांकाचा निकष तोच आहे. तो ‘ए’ या सर्वांत खालच्या पातळीवर ठेवलेला आहे, याचा अर्थ ही किमान गरज मानली जाते.

हे न केल्यास काय होते याचे जुने उदाहरण सिडनी ऑलिंपिकचे आहे. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली की ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वापरता येत नाही. चित्रांना पर्यायी मजकूर नसणे हा त्या तक्रारीचा एक प्रमुख मुद्दा होता. दुरुस्तीला फार वेळ आणि पैसा लागेल, असा बचाव आयोजकांनी केला. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने तो मान्य केला नाही आणि २००० मध्ये मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. एवढे होऊनही, पाव शतकानंतरच्या पाहण्यांत लोकप्रिय संकेतस्थळांपैकी निम्म्याहून अधिक मुखपृष्ठांवर पर्यायी मजकूर नसलेली चित्रे सापडतातच. आळस हे त्याचे एक कारण आहे. मात्र पुष्कळांना ‘नेमके काय लिहायचे’ हेच सुचत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्या प्रश्नासाठीच राखला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- आपल्या पानांवरच्या सर्व चित्रांची यादी. साधी स्प्रेडशीट पुरते: चित्राचे नाव, ते कोणत्या पानावर आहे, तिथे त्याचे काम काय, पर्यायी मजकूर, आणि तपासल्याची तारीख.
- एक स्क्रीन रीडर. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. ॲपलच्या संगणकांत आणि फोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये टॉकबॅक असतो.
- हेडफोन. संगणकाचे सततचे बोलणे आसपासच्या लोकांना फार वेळ सहन होत नाही.
- ज्या मजकुरासोबत चित्र छापले जाणार आहे तो पूर्ण मजकूर. नुसते चित्र हाती देऊन ‘याचे वर्णन लिहा’ असे कोणी सांगितले तर आधी मजकूर मागवा.

१. लिहिण्याआधी एकदा ऐका

पहिल्या दिवशी एकही शब्द लिहू नका. स्क्रीन रीडर सुरू करा, डोळे मिटा आणि आपलेच पान ऐका. इथे पहिला सापळा असा की सुरू करण्यापूर्वी तो बंद कसा करायचा हे बहुतेक जण शिकत नाहीत. एनव्हीडीए इन्सर्ट आणि क्यू या कळांनी बंद होतो. मॅकवर व्हॉइसओव्हर कमांड आणि एफ५ या कळांनी चालू-बंद होतो. फोनवर तर अधिकच घोटाळा होतो, कारण स्क्रीन रीडर सुरू झाला की एका स्पर्शाने वस्तू फक्त निवडली जाते आणि ती उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. मी पहिल्यांदा अर्धा तास स्वतःच्याच फोनमध्ये अडकून पडलो होतो.

एनव्हीडीएमध्ये पान उघडल्यावर ‘जी’ ही कळ दाबत गेलात की एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाता येते. बोलण्याचा वेग झेपत नसेल तर साधनांच्या यादीतला ‘स्पीच व्ह्यूअर’ उघडावा. उच्चारलेले सारे शब्द त्यात लिहून येतात. माझ्या पानावर दुव्याचे काम करणारे एक छायाचित्र होते आणि त्याला पर्यायी मजकूरच नव्हता, त्यामुळे स्क्रीन रीडरने नाइलाजाने फाइलचे नाव वाचायला घेतले: आयएमजी, अधोरेषा, आणि मग आकड्यांची एक लांबलचक माळ. डोळ्यांना सुंदर वाटणारे ते छायाचित्र कानांना गोदामातल्या खोक्यावरच्या क्रमांकासारखे होते.

२. चित्राचे तिथे काम काय आहे ते ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नवोदित तीच गाळतात. चित्रात काय काय दिसते याची जंत्री म्हणजे पर्यायी मजकूर नव्हे. चित्र काढून टाकले तर वाचकाचे काय हुकेल, ते सांगणारा मजकूर म्हणजे पर्यायी मजकूर. म्हणूनच एकाच चित्राला प्रत्येक ठिकाणी तोच मजकूर चालेल असे नाही.

एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. एक वृद्ध कारागीर टेबलावर वाकला आहे, त्याच्या उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेले आहे, एका हातात बारीक चिमटा आहे आणि समोर मागचे झाकण काढलेले मनगटी घड्याळ आहे. आता हे छायाचित्र चार ठिकाणी वापरले गेले असे समजू.

घड्याळदुरुस्ती शिकवणाऱ्या लेखात हाताची पकडच महत्त्वाची असते. तिथे मी लिहीन: ‘कारागिराने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवले आहे आणि चिमटा अंगठा व तर्जनी यांच्यात आडवा धरून चक्राच्या कडेला लावला आहे.’ माणसाचे वय, मागची भिंत, दिव्याचा रंग, यांतले काहीही तिथे नको.

उतारवयातही चालू राहणाऱ्या व्यवसायांवरच्या लेखात हेच छायाचित्र माणसासाठी असते: ‘पांढऱ्या केसांचा कारागीर डोळ्याला भिंग लावून उघड्या घड्याळावर वाकलेला आहे.’ इथे चिमटा कसा धरला आहे याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते.

अभ्यासक्रमाच्या पानावर ‘घड्याळदुरुस्तीचे वर्ग’ या ठळक शीर्षकाच्या शेजारी केवळ जागा भरण्यासाठी ते लावले असेल, तर ते सजावटीचे आहे. शीर्षकाने सांगायचे ते सांगितले आहे; वाचकाला तेच पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही, आणि पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा.

आणि त्याच छायाचित्रावर टिचकी मारल्यावर प्रवेशअर्ज उघडत असेल, तर योग्य मजकूर फक्त ‘प्रवेशअर्ज भरा’ हा आहे. कारागीर, भिंग, चिमटा सारे विसरा. ऐकणाऱ्याला आपण कुठे जाणार आहोत ते कळले पाहिजे. भिंगाच्या आकाराच्या बटणाला ‘भिंग’ न म्हणता ‘शोधा’ म्हणायचे, ते याच कारणाने.

‘रिकामा ठेवणे’ आणि ‘गाळणे’ यांतला फरक मात्र लक्षात असू द्या. ऑल्ट हा गुणधर्म लिहून त्याच्या अवतरणचिन्हांत काहीही न टाकणे म्हणजे ‘हे सजावटीचे आहे, पुढे चला’ असे स्क्रीन रीडरला सांगणे होय. तो गुणधर्मच गाळला तर चित्र महत्त्वाचे आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि मग वर सांगितलेली आकड्यांची माळ सुरू होण्याची शक्यता असते. दुव्याचे काम करणाऱ्या चित्राचा मजकूर मात्र कधीही रिकामा ठेवू नये; सोबत दुसरा मजकूर नसेल, तर त्या दुव्याला नावच उरत नाही.

३. वाक्य लिहा

काम ठरले की लिहिणे सोपे होते. महत्त्वाची गोष्ट आधी लिहा, कारण ऐकणारा कोणत्याही क्षणी पुढे जाऊ शकतो, आणि ब्रेल डिस्प्लेवर तर बहुधा चाळीसच खाने असतात, त्यामुळे लांब वाक्य तुकड्यातुकड्यांनी वाचावे लागते. ‘चित्र’, ‘छायाचित्र’ अशी सुरुवात करू नका. ‘ग्राफिक’ हा शब्द स्क्रीन रीडर स्वतःच उच्चारतो, आणि मग ‘ग्राफिक, छायाचित्र, छायाचित्रात एक’ अशी रटाळ उजळणी ऐकावी लागते. ते जुने कृष्णधवल छायाचित्र आहे की हाताने काढलेले रेखाचित्र आहे हेच महत्त्वाचे असेल, तर अर्थातच लिहावे.

लांबीबद्दल ‘१२५ अक्षरांची मर्यादा’ असा एक नियम सर्वत्र ऐकू येतो. डब्ल्यूसीएजीमध्ये अशी कोणतीही मर्यादा नाही. एक-दोन वाक्यांत काम भागते हा अनुभव खरा आहे, पण तिसऱ्या वाक्याची गरज असताना आकड्याकडे पाहून ते कापू नका. शेवटी पूर्णविराम मात्र द्या. स्क्रीन रीडर तिथे थांबतो आणि पुढचा परिच्छेद वर्णनाला चिकटत नाही.

माणसांचे वर्णन करताना अंदाज बांधू नयेत. चेहरा पाहून कोणाचे नाते, धर्म किंवा मनःस्थिती ठरवण्याचा अधिकार वर्णन लिहिणाऱ्याला नाही. ‘आनंदी आई आणि मुलगी’ असे लिहिण्याऐवजी ‘एक स्त्री आणि एक लहान मुलगी हसत आहेत’ एवढेच लिहावे. त्या मायलेकी आहेत हे मजकुरातून माहीत असेल तर गोष्ट वेगळी. सार्वजनिक जीवनातल्या ज्ञात व्यक्तीचे नाव मात्र अवश्य द्यावे. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती ओळखू येते, मग ऐकणाऱ्याला ‘व्यासपीठावर उभी असलेली एक व्यक्ती’ असे का सांगावे?

शोधयंत्रांसाठी इथे शब्दांची भरताड करण्याचा मोहही टाळावा. ‘घड्याळ, घड्याळदुरुस्ती, स्वस्त घड्याळदुरुस्ती, उत्तम घड्याळदुरुस्ती’ असा मजकूर कानांनी एकदा ऐकून पाहिलात तर पुन्हा लिहिणार नाही.

४. चित्रातली अक्षरे पूर्ण उतरवा

माझी चूक इथली होती. सूचनाफलक, निमंत्रण, वेळापत्रक यांचे चित्र असेल तर त्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द, तारीख, वेळ आणि पत्ता मजकुरात यायला हवा. त्याहून बरे म्हणजे ही माहिती पानावर साध्या मजकुराच्या रूपात लिहावी आणि चित्र केवळ सोबतीला ठेवावे. अक्षरांचे चित्र करून छापणे शक्य तिथे टाळा, असे डब्ल्यूसीएजीचा १.४.५ हा निकषही सांगतो. साधा मजकूर निवडता येतो, मोठा करून वाचता येतो, दुसऱ्या भाषेत भाषांतरित करता येतो; चित्रातल्या अक्षरांना यांतले काहीच जमत नाही.

मराठी पानासाठी वर्णन मराठीतच, देवनागरीत लिहावे आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद आहे याची खात्री करावी. ती नोंद चुकीची असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर वाचायला घेतो, आणि मग कधी शब्दांचा चुराडा ऐकू येतो तर कधी नुसती शांतता. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचेही असेच हाल होतात.

५. आलेख आणि नकाशे दोन थरांत मांडा

आलेखातली सगळी आकडेवारी पर्यायी मजकुरात कोंबू नये, कारण तो मजकूर सलग वाचला जातो. त्यात रकाने, याद्या किंवा दुवे देता येत नाहीत. पर्यायी मजकुरात आलेखाचा प्रकार आणि त्याचा निष्कर्ष सांगावा, आणि आकडे खाली खऱ्याखुऱ्या तक्त्यात द्यावेत. समजा, एका ग्रंथालयाच्या सभासदसंख्येचा आलेख आहे. ‘रेषालेख: पाच वर्षांत सभासदसंख्या ४०० वरून ९०० वर गेली, सर्वाधिक वाढ तिसऱ्या वर्षी. आकडे खालील तक्त्यात आहेत.’ एवढे पुरते. ‘सभासदसंख्येचा आलेख’ असे नुसते लिहिणे म्हणजे माझ्या ‘सूचना’चाच भाऊ. नकाशा वाट दाखवण्यासाठी असेल तर ती वाट शब्दांत लिहावी.

६. मजकूर योग्य चौकटीत टाका

वर्डप्रेसमध्ये चित्र निवडल्यावर बाजूच्या पट्टीत पर्यायी मजकुराची चौकट दिसते. इथला सापळा मला फार उशिरा कळला: माध्यम-संग्रहात नंतर केलेली दुरुस्ती आधीच प्रसिद्ध झालेल्या लेखांमध्ये आपोआप पोहोचत नाही; त्या त्या लेखात जाऊन ती वेगळी करावी लागते. शीर्षक आणि चित्राखालची ओळ या चौकटी वेगळ्या असतात, त्यांत टाकलेला मजकूर पर्यायी मजकुराची जागा घेत नाही.

वर्डमध्ये चित्रावर उजवी टिचकी मारली की पर्यायी मजकुराचा पर्याय येतो आणि ‘सजावटीचे’ अशी खूणही तिथेच करता येते. वर्ड कधी कधी स्वतःच वर्णन सुचवतो आणि ‘हे वर्णन आपोआप तयार झाले आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी शेपूट त्याला जोडतो. ते तसेच राहिलेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. गूगल डॉक्समध्ये चित्र निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि वाय या कळा दाबाव्यात. पीडीएफ करताना छपाईच्या मार्गाने करू नका, कारण त्यात वर्णने आणि शीर्षकांची रचना गळून पडण्याची भीती असते. ‘सेव्ह ॲज’ने करा आणि सुगम्यतेच्या टॅगची खूण चालू ठेवा.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, २०१६ पासून वर्णन देता येते आणि त्याची मर्यादा १,००० अक्षरांची आहे. इन्स्टाग्रामने ही सोय २०१८ मध्ये दिली, पण ती प्रकाशनापूर्वीच्या पडद्यावर इतर पर्यायांच्या मागे दडलेली असते आणि तिची जागा वरचेवर बदलते. चौकट सापडलीच नाही तर वर्णन सरळ मुख्य मजकुरात लिहावे.

यंत्राने लिहिलेल्या वर्णनांविषयी अनेक जण विचारतात. फेसबुकने २०१६ मध्ये आपोआप वर्णनाची सोय सुरू केली तेव्हा ती ‘दोन माणसे, हसत असलेली, घराबाहेर’ अशा थाटाची होती. आताची साधने पुष्कळ पुढे गेली आहेत आणि कच्चा मसुदा म्हणून मीही ती वापरतो. परंतु छायाचित्र प्रवेशअर्जाचा दुवा आहे की चिमटा धरण्याचा धडा आहे, हे नुसत्या चित्रावरून त्यांना कळण्याची सोय नाही. दुसऱ्या पायरीचा निर्णय आपणच घ्यायचा असतो.

७. तपासा, आणि तपासत राहा

लिहून झाले की पुन्हा डोळे मिटून ऐका. त्यानंतर पान कोणाला तरी फोनवरून वाचून दाखवा आणि चित्राच्या जागी आपला पर्यायी मजकूर वाचा. अडखळलात किंवा समोरच्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारले तर वाक्य बदला. शक्य असल्यास स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीकडून पान पाहून घ्या, आणि त्या वेळेचा योग्य मोबदला द्या. आपोआप तपासणी करणारी साधने कोणत्या चित्राला मजकूर नाही एवढे अचूक सांगतात; आहे तो मजकूर उपयोगी आहे की नाही याचा निवाडा त्यांना करता येत नाही. माझा ‘सूचना’ हा शब्द अशा तपासणीत निर्धोकपणे उत्तीर्ण झाला असता.

यादीत तपासल्याच्या तारखेचा रकाना ठेवायला मी सांगितले, ते माझ्या दुसऱ्या चुकीमुळे. पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेच्या वेळी मी जुन्या फलकाच्या जागी नवे चित्र चढवले. या खेपेस वर्णन पूर्ण होते, तारीख आणि पत्ता होता, फक्त तो सगळा मजकूर आदल्या वर्षीचा होता. डोळ्यांनी पाहणाऱ्या कोणालाच ते दिसणार नव्हते. त्याच गृहस्थांचा पुन्हा फोन आला, सुदैवाने चार दिवस आधी: ‘या वेळी सगळे कळले, पण तारीख उलटून गेलेली दिसते.’ तेव्हापासून चित्र बदलले की यादीतला तारखेचा रकाना मी आधी पुसतो, आणि वर्णन नव्याने ऐकल्याशिवाय त्यात तारीख भरत नाही.